आडी जाऊ दे

वारा सुटला की मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते. तंजावुरात जुलैच्या मध्यावर पश्चिमेकडून कोरडा, धुळीचा वारा येतो आणि महिनाभर मुक्काम ठोकतो. दुपारभर दारं आपटतात. गच्चीवर वाळत घातलेलं पातळ शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीला गुंडाळलेलं सापडतं. मिठाच्या बरणीत, चष्म्याच्या काचेवर, लॅपटॉपच्या कळांमध्ये बारीक रेती जाऊन बसते. कालपासून तो सुटला आहे. आज सकाळी कोपऱ्यावरच्या मारिअम्मन देवीच्या देवळात कर्णे बांधले, नाचणीची आंबील शिजवायला मोठाली भांडी आली, दारावर कडुनिंबाचे डहाळे लागले. कापडदुकानांवर सवलतीचे लालभडक फलक चढले. आडी लागली. बाकी सगळ्या गावाला उत्साह आलेला आहे आणि मी खिडक्या लावत घरभर फिरते आहे.

आडी हा तमिळ महिना. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा. या महिन्यात देवीचं सगळं काही होतं, पण माणसाचं नवं काही सुरू होत नाही. लग्न नाही, घरात प्रवेश नाही, दुकानाचा मुहूर्त नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे, शाळेतल्या मैत्रिणींच्या घरचं म्हणून ठाऊक होतं. आमच्या घरात आडी कधी नव्हतीच. आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीतली मराठी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलो, बाजारात तमिळ बोललो, सांबारभात जेवलो, पण सणवार मात्र चंद्रावर चालवले. त्यामुळे बाहेर आडी असते तेव्हा आमच्या घरात अर्धा आषाढ आणि अर्धा श्रावण असतो. एकाच उंबऱ्याच्या आत एक महिना आणि बाहेर दुसरा. याची आम्हाला इतकी सवय आहे की यात काही घोटाळा होऊ शकतो असं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

अशाच एका आडीत, काही वर्षांपूर्वी, मी ‘पक्कत्तु कडै’ सुरू केलं. पक्कत्तु कडै म्हणजे शेजारचं दुकान. इंटरनेटवरची एक साधी सूची. तंजावुरात ग्राइंडर कोण दुरुस्त करतं, चोळीवर आरीचं भरतकाम कोण करतं, केळीची पानं घाऊक कुठं मिळतात, पाण्याची मोटर बिघडली तर कुणाला बोलवायचं, हे सगळं एका जागी. दुकानाचा फोटो, फोन, पत्ता, उघडण्याची वेळ. पहिलं वर्ष सगळं फुकट. मी पुण्यात अशाच एका साइटसाठी बरीच वर्षं काम केलं होतं. तिथंच मी देवनागरी वाचायला लिहायला शिकले, तिथंच माझ्या मराठीला सहकारी पोट धरून हसले, आणि तिथंच मिलिंद भेटला, लग्न झालं. मग आई गेली. अप्पा एकटे पडले आणि गल्ली सोडून यायला तयार होईनात. मी पुढे आले, मिलिंद मागे राहिला. त्याच्या कंपनीनं त्या उन्हाळ्यात विचारलं होतं की कुणाला कायम आपल्या गावाहून काम करायचं आहे का. पगार चांगलाच खाली येणार होता. उत्तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत द्यायचं होतं. आमचं ठरलं ते असं: तोवर माझी साइट चालेल अशी चिन्हं दिसली तर तो ‘हो’ म्हणणार आणि इकडे येणार. नाही दिसली तर तो तिथली नोकरी आहे तशी धरून ठेवणार. म्हणजे माझ्या दृष्टीनं प्रश्न दुकानांचा नव्हताच. आम्ही दोघं एका घरात राहणार की नाही, एवढाच होता.

तेव्हा मी स्कूटर काढली आणि वाऱ्यातोंडी निघाले.

गावातल्या कीळवासल भागात मुरुगेसन यांचं दुकान आहे. इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरचे दगड ते टाकी लावून देतात. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. बाहेर दगड मांडलेले, आत ते बसलेले, भुवयांवर दगडाची पांढरी पूड. मी सगळं समजावून सांगितलं. फोटो दाखवले. पैसे नाहीत हे दोनदा सांगितलं. त्यांनी टाकी खाली ठेवली, फोन हातात घेऊन नीट पाहिलं, स्वतःच्या दुकानाचा मी तिथल्या तिथे काढलेला फोटो पाहून खूश झाले. मग म्हणाले, “चांगलं आहे, अम्मा. आडी जाऊ दे.”

“अहो, पण यात काही सुरू करायचं नाहीये. नाव आणि नंबर द्यायचा, बस.”

“तेच की. आडी जाऊ दे.”

पुढे चित्रा. दक्षिणेकडच्या मोठ्या रस्त्यावर माडीवर तिचं शिवणाचं दुकान, आरीचं काम इतकं सुबक की कुंभकोणमहून नवऱ्या मुली येतात. तिनं मला लिंबाचं सरबत दिलं, माझ्या चोळीची बाही उसवलेली होती ती बोलता बोलता शिवूनही दिली, आणि नंबर मागितल्यावर हसून म्हणाली, “अक्का, आडी जाऊ दे.” केळीच्या पानांचा व्यापारी पानांच्या गठ्ठ्याआडून तेच म्हणाला. मोटर दुरुस्त करणारा तर मोटरसायकल न थांबवताच म्हणाला. एके दिवशी बसनं पापनाशमला गेले. म्हटलं, गाव बदलून बघू. दोन्ही बाजूंना नव्या पाण्यावर उभी राहिलेली हिरवीगार शेतं, खिडकीतून येणारा चिखलाचा ओला वास. वाटलं, आज काहीतरी होणार. तिथं छापखानेवाल्यानं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला. शेवटी काय म्हणाला ते सांगत नाही. तुम्हाला कळलं असेल.

मला एखाद्यानं तोंडावर नकार दिला असता तर चाललं असतं. वाद घालता आला असता. पण हे सगळे इतके गोड बोलत की चिडायलाही जागा नसे. मी हात हलवत घरी येई आणि ती चीड स्वयंपाकघरात भांड्यांवर निघे. एक मात्र कबूल केलं पाहिजे, पुण्यानं माझे कान बदलून टाकले होते. तिथं आम्ही दुकानदारांना फोन करायचो तेव्हा ‘बघू नंतर’, ‘दिवाळीनंतर करा’ ही उत्तरं सरळ नकाराच्या रकान्यात टाकायची, असा नियमच होता. आमची साहेबीण नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवायची की ‘नंतर’ म्हणणाऱ्याला पुन्हा फोन करून वेळ घालवू नका. मी तो धडा चांगला गिरवला होता. इतका चांगला की इथं घरच्या दारात उभी राहूनही मी मनातल्या मनात एकेकाच्या नावापुढे फुली मारत होते.

महिन्याच्या मध्यावर आडीचा अठरावा दिवस येतो. नदीला नवं पाणी आलेलं असतं, त्याची पूजा. पुदु आऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या कालव्याच्या, पायऱ्यांवर बायकांची ही गर्दी. हळदीनं पिवळे झालेले दोरे, काळ्या मण्यांच्या पोती, फुलं, पाण्यावर सोडलेले दिवे, आणि डब्याडब्यांतून चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात. मला वाटलं, सगळं गाव एका जागी आयतं सापडतं आहे. जाहिरातीचे छान गुळगुळीत कागद छापून घेतले होते, ते घेऊन गेले. बायकांनी प्रेमानं घेतले. एका आजींनी तर “आणखी दोन दे” म्हणून मागून घेतले. मी हरखले. जरा वेळानं बघते तर पायऱ्यांवर ओळीनं माझे कागद पसरलेले आणि प्रत्येकावर चिंचेच्या भाताचा ढीग. गुळगुळीत कागद, तेल झिरपत नाही, भात चिकटत नाही. त्या आजींनी मलाही एका कागदावर भात वाढून दिला. माझाच फोन नंबर खालून दिसत होता. भात उत्तम झाला होता, हे सांगायलाही मला राग येतो.

मिलिंद रोज संध्याकाळी विचारायचा. “किती झाली नावं?” मी म्हणायची, “होतायत.” मग तो तिकडची काही गंमत सांगायचा आणि मी इकडची, आणि दोघंही मूळ विषयाच्या कडेकडेनं चालत राहायचो. त्यानं इथं आल्यावर बसायचं कुठं हेही आम्ही ठरवून ठेवलं होतं. मधल्या खोलीची उत्तरेकडची खिडकी, जिथं वारा थेट येत नाही. तिथं मी टेबल आणूनही ठेवलं. अप्पा त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवायला लागले.

अप्पांना माझी तगमग दिसत होती. एके सकाळी पंचांग घेऊन आले. कोल्हापूरहून मागवलेलं मराठी पंचांग. मागवतात ते, पण देवनागरी त्यांना धड लागत नाही. मी यायच्या आधी अंदाजानं चालवत.

“बाई, मज वाचून दाखव. श्रावण कधीं लागूलाला?”

मी वाचलं. परवा.

“मग काय! श्रावणांतला पहिला शुक्रवार. तुज याहून चांगला दिवस कोण देईल? उगीच रडत बसूं नाका.”

“लोक आडी आडी करूलालेत, अप्पा.”

“ती त्यांची आडी. अपला श्रावण की!”

मलाही पटलं. पटलं म्हणजे, पटवून घेतलं. आईच्या वेळेपासून आमच्याकडे श्रावणातल्या शुक्रवारी पुरण शिजतं, दाराशी मोठी रांगोळी पडते, बायकांना हळदकुंकू होतं. त्या शुक्रवारी मी सगळं साग्रसंगीत केलं. दारावर फलक लावला. अप्पांनी धोतर नेसून लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गल्लीतली मराठी घरं सगळी आली. पुरणपोळ्या खाऊन सगळ्यांनी कौतुक केलं आणि नावंही दिली: एक विमा एजंट, दोन शिकवण्या, लोणची करणाऱ्या एक काकू, आणि एक निवृत्त वकील, ज्यांनी कित्येक वर्षांत कोर्टाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. झालं. तंजावूर शहराच्या व्यापारउदिमाची माझी भव्य सूची त्या संध्याकाळी जगासमोर आली, आणि तिच्यात आमच्या गल्लीबाहेरचं एकही दुकान नव्हतं. पहिला फोन आला तो गॅस सिलिंडर अजून का आला नाही म्हणून खडसावणारा.

पुढचा आठवडा मी सगळं करून पाहिलं. रिक्षाला कर्णा बांधून पाहिला. देवीच्या गाण्यांपुढे त्याचा आवाज लागला नाही. मोबाइलवर शंभर जणांना निरोप धाडले. शंभर जणांकडून देवीची आणि जोडलेल्या हातांची चित्रं आली. दुकानांत पुन्हा मात्र गेले नाही. कशाला जायचं? उत्तर माहीत होतं. समोरच्या घरातली नुकतीच लग्न झालेली पोर आडीसाठी माहेरी आली होती. नव्या जोडप्यानं हा महिना वेगळं राहायचं, अशी इथली रीत. ती गॅलरीत उभी राहून नवऱ्याशी फोनवर लाडेलाडे बोलायची, आणि तिच्याकडे बघून मला वाटायचं, हिचं बरं आहे. हिला माहीत आहे नवरा कधी येणार ते.

आडीच्या शेवटच्या शुक्रवारी मिलिंदला कंपनीला उत्तर द्यायचं होतं. त्यानं दुपारी फोन केला. बाहेर कर्ण्यावरची गाणी चालू होती, त्यामुळे मी मधल्या खोलीत, त्याच्या टेबलाशी गेले.

“खरं सांग,” तो म्हणाला.

मी खरं सांगितलं. गल्ली सोडून एक नाव नाही. लोकांना नको आहे. या गावाला कशाचीच गरज नाही. तू येऊ नकोस, दोघांनीही बुडायला नको.

“थोडे दिवस थांबायचं का? मी सांगून बघतो साहेबांना.”

“नको. थांबून काय होणार आहे? नकोच कळवून टाक.”

त्यानं कळवून टाकलं. मी साइटचा म्हणून घेतलेला वेगळा फोन बंद केला आणि कपाटात टाकला. दारावरचा फलक काढायला स्टुलावर चढले तर वाऱ्यानं तो आधीच अर्धा फाडून ठेवलेला होता. तेवढं एक काम त्या वाऱ्यानं माझं वाचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती नादस्वराच्या आवाजानं. पलीकडच्या मंगल कार्यालयात लग्न. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनंही नादस्वर. रस्त्यानं नव्या घराकडे निघालेलं एक कुटुंब गेलं, पुढे गाय, मागे दुधाचं भांडं घेतलेली सून. आडी संपून आवणी महिना लागला होता. मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि दुपारपर्यंत उठले नाही. अप्पांनी दोनदा दार वाजवलं, मग स्वतःच भात लावला.

इतकं सगळं आता मी थंडपणानं लिहू शकते असं नाही. आजही वाऱ्यानं दार आपटलं की पहिली शिवी माझ्या तोंडात येते. मिलिंद पुण्यात आहे. कंपनीनं ती सवलत तेव्हाच बंद केली, पुन्हा काढली नाही. तो पोंगलला येतो, गणपतीला मी जाते. अप्पांना एकटं ठेवून याहून जास्त जमत नाही. मी इथं बसून दुसऱ्या कुणाच्या तरी साइटचं काम करते. दोन गावांत दोन कुकर, दोन गॅस, दोन झाडू. लोक विचारतात, तुमचं काही बिनसलं आहे का? बिनसलेलं काहीच नाही, हेच तर दुखणं आहे. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

आणि खरं कळलं ते ऐप्पसी महिन्यात, इथल्या पावसाळ्यात, दिवाळीच्या तोंडावर. आमचा ग्राइंडर पीठ वाटेनासा झाला. दगड गुळगुळीत झाले होते. अप्पा म्हणाले, मुरुगेसनकडे ने. माझे पाय निघत नव्हते. पण दिवाळीत इडलीशिवाय अप्पांचं चालत नाही. रिक्षात दगड घालून गेले. पाऊस चालू होता. मुरुगेसन यांनी दगड उतरवून घेतला, त्यावरून तळहात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बरं झालं आलात. मला वाटलं, तुम्ही गाव सोडून गेलात.”

“का?”

“आवणीच्या पहिल्या दिवशी आला नाहीत म्हणून.”

मला काही कळेना. त्यांनी टाकी खाली ठेवली. “तुम्ही येणार म्हणून त्या दिवशी सकाळीच दुकान धुतलं. बायकोनं ताटात पान-सुपारी, फळं, फुलं मांडून दिली. पहिलं नाव आपलं जाणार, रिकाम्या हातानं कसं द्यायचं? चित्रा दोनदा इकडे येऊन विचारून गेली, अक्का आल्या का. केळीच्या पानांवाला तर नवा शर्ट घालून बसला होता, फोटोसाठी. फोन लावला तर बंद. दुपारपर्यंत बघितलं वाट. मग दुसऱ्या गावचा एक मनुष्य आला, असंच काहीतरी घेऊन. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडं दिली नावं. चांगला दिवस, अम्मा. तो वाया कसा घालवायचा?”

माझ्या डोक्यात रक्त चढलं. त्यांच्यावर, आडीवर, आवणीवर, अप्पांच्या पंचांगावर, पुण्याच्या त्या साहेबिणीवर, सगळ्यांवर एकदम. मी जवळजवळ ओरडलेच, “एवढं सगळं मनात होतं तर तेव्हाच सांगायचं नाही का मला?”

ते खरोखरच गोंधळले. पुढच्या दुकानातल्या माणसानंही वळून पाहिलं.

“सांगितलं की, अम्मा,” ते म्हणाले. “सगळ्यांनीच सांगितलं.”

घरी येईपर्यंत रिक्षाचा पडदा वाऱ्यानं उडत होता आणि मी भिजत होते. मधल्या खोलीत जाऊन मिलिंदला फोन लावला आणि सगळं सांगितलं: धुतलेलं दुकान, ताट, चित्राच्या चकरा, पानवाल्याचा नवा शर्ट. एका दिवसानं, मिलिंद. नुसत्या एका दिवसानं. तो चिडेल असं मला वाटलं होतं. चिडला असता तर मीही चिडले असते, दोघं मिळून या गावाला यथेच्छ शिव्या दिल्या असत्या. पण तो अगदी साध्या आवाजात, खरंच न कळून विचारल्यासारखं म्हणाला, “पण तुला कसं नाही कळलं गं? गाव तुझंच ना ते?”

मी हो म्हणाले. त्याला ऐकू गेलं नसावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं.